सिंथवरचा भूप: ऐका आणि चिरफाड करा

अर्धांतर

नमस्कार मंडळी. नवा ट्रॅक चढवलाय. लांबी ४:१०, लय ९० बीपीएम, सा काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी), राग भूप.

साहित्य: रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर). सर्ज एक्सटी या सॉफ्टवेअर सिंथचे तीन इन्स्टन्स, म्हणजे लीड (मुख्य सूर), पॅड (मागचा लांब सूर) आणि आर्पेजिओ (एकामागून एक तुटक स्वर). तानपुरा फोनच्या अ‍ॅपमधून थेट लाइनने घेतलाय. किक आणि हॅट सॅम्पलचे. लीडला दोन सॉटूथ लहरी, एकमेकांपासून ८ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकवलेल्या, त्यावर २४ डीबीचा लो-पास फिल्टर, कटऑफ १.८ किलोहर्ट्झच्या आसपास. पोर्टामेंटो (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) ९० मिलिसेकंद, कायम चालू. रिव्हर्ब ४.५ सेकंदांचा. मास्टरवर लिमिटर.

‘छान आहे’ लिहू नका, त्याचा उपयोग नाही. लीड ग वर थांबला की तानपुऱ्याशी काहीतरी थरथरतं. त्याचं कारण आधी हवंय. बाकी जे खटकेल ते वेळेसकट लिहा.

खर्ज२४

दोनदा ऐकलं, एकदा हेडफोनवर आणि एकदा फोनच्या स्पीकरवर.

०:०० ते ०:३५: तानपुरा श्वास घेतल्यासारखा वरखाली होतोय. लिमिटर फार दाबलायस. माझ्या मीटरवर सरासरी -७ लफ्सच्या (आवाजाच्या मोठेपणाचं माप) जवळ जातेय. यूट्यूब मोठा ट्रॅक -१४ पर्यंत खाली ओढतं, म्हणजे एवढं दाबून हाती फक्त पंपिंग लागलं. लिमिटर काढ, फेडर खाली घे, मिक्सचं शिखर -६ डीबीच्या आसपास ठेव. शेवटी लिमिटर लावशील तेव्हा सीलिंग -१ डीबी ट्रू पीक. एमपीथ्री करताना शिखरं थोडी वर सरकतात, तेवढी जागा लागतेच.

०:३५ पासून: पॅड आणि लीड दोघं २०० ते ५०० हर्ट्झमध्ये एकमेकांच्या अंगावर. पॅडला तिथे ३-४ डीबीची रुंद काट दे. लीडचा आवाज वाढवू नकोस, जागा कर.

रिव्हर्ब: ९० च्या लयीत चार मात्रांचा बार २.६७ सेकंदांचा. तुझी शेपटी ४.५ सेकंदांची. रे वाजतोय तेव्हा मागचा ग अजून जिवंत, आणि तीन स्वरांनंतर सगळ्याचा गोळा. डिके २.२ वर आण, प्री-डिले ४० मिलिसेकंद, रिव्हर्बच्या रिटर्नवर २५० हर्ट्झचा हाय-पास. पसारा कमी वाटला तर वर डिले घाल. ९० ला डॉटेड एट्थ बरोबर ५०० मिलिसेकंद येतो.

पेटीवाला

अर्धांतर, थरथरीचं कारण सरळ आहे. तुझा ग समान-स्वरांतराचा (सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या की-बोर्डचा) आहे आणि तानपुऱ्यात जो ग आपोआप ऐकू येतो तो तसा नाही.

हिशोब मांडतो. तानपुऱ्याची खालच्या सप्तकातली काळी एक म्हणजे १३८.५९ हर्ट्झ. तिचा पाचवा हार्मोनिक (पाचपटीचा उपस्वर) ६९३. हाच तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार. तुझा ग ३४९.२३ हर्ट्झचा, त्याचा दुसरा हार्मोनिक ६९८.५. फरक साडेपाच हर्ट्झ, म्हणून सेकंदाला साडेपाच लहरी. ग ला ४०० सेंटवरून ३८६ वर उतरव, लहर थांबेल. ध चंही तेच. ५/३ चा ध ८८४ सेंटवर बसतो, तुझा ९०० वर आहे. रे आणि प मध्ये फरक चार आणि दोन सेंटचा, तो कानाला टोचत नाही.

आता रागाबद्दल. नाव भूप दिलंयस, पण १:१० ते १:४५ मध्ये तुझा सगळ्यात लांब मुक्काम ध वर आहे आणि चलन वरच्या अर्ध्या सप्तकात. तो देसकार झाला. दोघांचे स्वर तेच पाच. भूपात ग वादी (मुख्य स्वर), ध संवादी (त्याखालोखालचा) आणि भर पूर्वांगावर, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यावर. देसकारात नेमकं उलट. ‘प ग, रे ग, सा रे ध़ सा’ अशी वाक्यं खाली बांध आणि थांबायचं तर ग वर थांब. ध वरून ‘सां ध प ग’ करत खाली ये, तिथे घर करू नकोस.

१:४८ ला पॅड बदलतो तिथे काळी तीनचा मेजर कॉर्ड आहे. काळी एकच्या सा ला त्याचे स्वर म ध सां. भूपात मध्यम! एका कॉर्डने अख्खा राग बाहेर काढलास.

सॉटूथ_सातारकर

पेटीवाल्या काकांशी सहमत. कॉर्ड बदलायचाच असेल तर पाच स्वरांच्या आतले तिय्ये बघ. सा ग प आणि ध सा ग, एवढे दोनच पूर्ण निघतात. त्यापेक्षा सा प तसाच धरून वर फक्त रे किंवा ध ची एक पट्टी हळू आणली तरी ‘काहीतरी बदललं’ हे कळतं. पॅडमध्ये हालचाल कॉर्डनेच आली पाहिजे असं नाही. कटऑफवर ०.०५ हर्ट्झचा एलएफओ (हळू वरखाली करणारी लहर) लाव, २० सेकंदांत एक फेरी होते.

आर्पेजिओबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून मी. पाच स्वर, सोळाव्याच्या गतीने, वर जाणारा क्रम. बारमध्ये १६ घरं. सोळाला पाचने भागलं की बाकी एक. म्हणजे पहिल्या बारची सुरुवात सा वर, दुसऱ्याची रे वर, मग ग, प, ध, आणि सहाव्या बारला सा परत. किक दर बारला सम दाखवतेय आणि आर्प त्या समेवर दर वेळी वेगळा स्वर ठेवतोय. ठरवून केलं असतं तर मजा होती. इथे ते यंत्राने केलंय, आणि पाचही स्वरांना सारखं वजन दिलंय. त्यातून भूप निघत नाही, देसकार निघत नाही, नुसती सरगमची पट्टी निघते.

उपाय: आर्पेजिएटर बंद. १६ घरांचा सिक्वेन्स हाताने भर. पहिलं आणि नववं घर ग ला दे, प आणि रे मध्ये पेर, ध दोनदाच. तीन-चार घरं रिकामी सोड. व्हेलॉसिटी (पट्टी दाबण्याचा जोर) ग ला १००, बाकीच्यांना ६० ते ७५. आणि व्हेलॉसिटी नुसती आवाजाला जोडू नकोस, फिल्टरच्या एन्व्हलपलाही जोड, म्हणजे ग उजळ लागेल.

ठेका_ठोक

एवढं सेंट-सेंट कशासाठी राव? १९८२ साली चरणजित सिंग यांनी ज्युपिटर-८, टीबी-३०३ हे सिंथ आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. की-बोर्ड साधा, समान-स्वरांतराचाच. २०१० ला रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि जगभर वाजली. कोणाचा गंधार खटकला?

पेटीवाला

कारण ती द्रुत चालणारी रेकॉर्ड आहे, खाली किक सतत ठोकतेय आणि लांब ठेवलेल्या स्वरांवर तिची मदार नाही. इथे साथीला उघडा तानपुरा आहे आणि लीड ग वर तीन-तीन सेकंद उभा राहतो.

फरक मोजता येतो. साडेपाच लहरी म्हणजे एक लहर १८२ मिलिसेकंदांची. ९० च्या लयीत सोळाव्याचा एक स्वर १६७ मिलिसेकंदांत संपतो. पहिली लहर पुरी व्हायच्या आत स्वर गेलेला असतो, कान दोष पकडणार कुठे? म्हणून आर्प समान-स्वरांतरात राहिला तरी चालेल, लीड नाही. मात्र आर्प आणि लीड एकाच वेळी ग वर येत असतील तर दोघांना एकाच ट्यूनिंगमध्ये ठेव.

आणि पेटीवरही हा वाद जुनाच आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत पूर्ण चालली, आणि गंधाराची तक्रार त्या कारणांत होती. आज चांगला पेटीवाला पट्टी ठरवून सुरी (पेटीतल्या धातूच्या रीड) घासून घेतो. सिंथमध्ये सुरी घासायला लागत नाही, एक फाइल टाकली की काम होतं. मग का टाकू नये?

धुळेकर

कोणती फाइल? मी व्हायटल हा सिंथ वापरतो. त्यात चालेल का?

सॉटूथ_सातारकर

चालेल. सर्ज आणि व्हायटल दोघांत स्काला फाइल, म्हणजे स्वरांच्या गुणोत्तरांची यादी, लोड होते. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये बनते, शेवटी टिंब आणि एससीएल हे एक्स्टेन्शन. उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ टिपण्णी समजून सोडली जाते. पहिली खरी ओळ नावाची, दुसरी स्वरांच्या संख्येची, मग एका ओळीत एक स्वर. सा म्हणजे १/१ लिहायचा नाही, तो गृहीत असतो. शेवटची ओळ तार सा ची, २/१.

पाचच स्वर लिहिलेस तर पट्ट्यांची जागा हलेल, सलग पाच पट्ट्यांत सप्तक संपेल. म्हणून बाराच्या बारा लिही:

१६/१५, ९/८, ६/५, ५/४, ४/३, ४५/३२, ३/२, ८/५, ५/३, ९/५, १५/८, २/१

प्रत्येक अपूर्णांक वेगळ्या ओळीवर. फाइलीत आकडे इंग्रजीच हवेत, देवनागरी आकडे सिंथला वाचता येत नाहीत. सेंटमध्ये लिहायचं असेल तर दशांश टिंब द्यायलाच हवं. ३८६.३ हे सेंट, पण नुसतं ३८६ लिहिलं तर ते ३८६/१ हे गुणोत्तर समजलं जातं आणि स्वर ऐकू येण्याच्या पलीकडे जातो.

अर्धांतर

आर्प हाताने भरला, म ध सां काढला, लिमिटर काढला. दुसरी प्रत चढवलीय. लीडवर ही स्काला फाइल लोड केली. ग वरची थरथर जरा मंदावली. पण आता एक हळू डोल येतोय, सेकंदाला साधारण दोन, आणि तो सा वर सुद्धा आहे! शिवाय ध आधीपेक्षा चढा वाटतो. उतरायला हवा होता ना?

खर्ज२४

आधी लीडचा डीट्यून शून्य कर आणि मग ऐक. ८ सेंट सरकवलेले दोन सॉटूथ मधल्या सप्तकात स्वतःच सेकंदाला सव्वा ते अडीच लहरी देतात. ट्यूनिंग तपासताना एकच ऑसिलेटर, कोरस बंद, रिव्हर्ब बंद.

अर्धांतर

केलं. एकच सॉटूथ ठेवला तरी सा वर दोनचा डोल आहेच.

सॉटूथ_सातारकर

मग तू फक्त स्काला फाइल टाकलीयस, पट्ट्यांच्या नकाशाची केबीएम फाइल टाकली नाहीस. नकाशा नसला की सर्ज १/१ हा पांढरी एकवर, म्हणजे मिडी ६० वर धरतो. तू काळी एक दाबतोस तेव्हा सिंथच्या मते तू कोमल रे वाजवतोयस: २६१.६३ गुणिले १६/१५, म्हणजे २७९.०७ हर्ट्झ. तानपुऱ्याचा सा मधल्या सप्तकात २७७.१८. फरक १.८९. हाच तुझा डोल.

गंमत अशी की हा दोष पटकन सापडत नाही. काळी एकपासून मोजलं तर रे ९/८ येतो, ग ५/४ येतो, प ३/२ येतो, सगळं बरोबर. फक्त ध चुकतो. काळी पाचवर ९/५ बसलाय, त्याला १६/१५ ने भागलं की २७/१६, म्हणजे ९०६ सेंट. हवा होता ८८४. बावीस सेंट चढा. तुझ्या कानाने पकडलं ते अगदी खरं.

केबीएम फाइलीत क्रमाने एवढ्या ओळी: नकाशाचा आकार १२, पहिली मिडी पट्टी ०, शेवटची १२७, मधली पट्टी ६१, संदर्भ पट्टी ६१, तिची कंपनसंख्या २७७.१८, सप्तकाचा क्रमांक १२. त्याखाली ० ते ११ हे आकडे, एका ओळीत एक. पट्टी बदललीस तर ६१ च्या दोन्ही जागा आणि कंपनसंख्या बदल. काळी दोनला ६३ आणि ३११.१३.

पेटीवाला

वा! आणि २७/१६ चा ध म्हणजे चुकीचाच असंही नाही बरं का. प ला सा धरला तर तो ९/८ वर आहे, आणि पुष्कळ गाणारे भूपात ध थोडा चढा ठेवतात. ग च्या जवळ ठेवलेला ध ८८४ ला गोड लागतो, प वरून उचललेला ९०६ ला. दोन्ही करून बघ. मात्र सा चा डोल काढल्यावर.

ठेका_ठोक

सेंटचं राहू दे. मला पोर्टामेंटो खटकला. प्रत्येक स्वर घसरतोय. मींड आहे की घसरगुंडी?

सॉटूथ_सातारकर

मुद्दा बरोबर. पोर्टामेंटो कायम चालू असला की मींड उरतच नाही, कारण सरळ लागलेला स्वरच कुठे नसतो. सर्जमध्ये प्ले मोड ‘मोनो एसटी + एफपी’ कर. मग आधीची पट्टी सुटायच्या आत पुढची दाबली तरच घसरण होते, आणि एन्व्हलप पुन्हा सुरू होत नाही, म्हणून मध्ये आघात येत नाही. पियानो रोलमध्ये जिथे मींड हवी तिथे आधीच्या नोटेची शेपटी पुढच्यावर २०-३० मिलिसेकंद चढव. बाकी नोटांमध्ये १० मिलिसेकंद फट ठेव.

वेळ एकच ठेवू नकोस. सां ध आणि प ग या मींडांना २५० ते ४०० मिलिसेकंद लागतील, रे सा ला ८०-१०० पुरेत. पोर्टामेंटोच्या वेळेला ऑटोमेशन दे. आणि मींडेत आवाज एकसारखा राहिला तर ती सायरन वाटते. मधल्या भागात आवाज २ डीबी उतरव आणि कटऑफही थोडा मिटव, पोचल्यावर उघड.

अर्धांतर

केबीएम टाकली. थरथर आणि डोल दोन्ही गेले. ध दोन्ही करून बघतो. मींडेला ऑटोमेशन देतोय, तिसरी प्रत उद्या. किकबद्दल कोणीच बोललं नाही?

खर्ज२४

किक फोनवर गायब आहे. मूळ स्वर ५० हर्ट्झच्या आसपास, फोनचा स्पीकर तिथे पोचतच नाही. आवाज वाढवून फायदा नाही. सॅच्युरेशन घाल, म्हणजे १०० आणि १५० चे हार्मोनिक उभे राहतील आणि कान त्यावरून खालचा स्वर भरून घेईल. सॅम्पल साधारण ५२ हर्ट्झवर ट्यून केलंस तर तो खर्जाचा प होतो, सा-प च्या तानपुऱ्याशी भांडणार नाही. १२० हर्ट्झच्या खाली सगळं मोनो.

किकने पॅडला खाली ढकलायचं असेल तर साइडचेन (किक वाजताच दुसरा आवाज दाबणारा कॉम्प्रेसर) फक्त पॅडवर: रेशो ४:१, अटॅक ३ मिलिसेकंद, रिलीज १२०. तानपुऱ्यावर अजिबात नको.

रूपकवेडी

याच धाग्यावर माझंही घुसडते, चालेल ना? व्होल्का बीट्स (छोटं ड्रम मशीन) आणि व्होल्का बेस (छोटा बेस सिंथ), रूपक ताल, २:३० चा तुकडा. सोळा घरांत सात मात्रा बसवताना ‘अ‍ॅक्टिव्ह स्टेप’ने १५ आणि १६ बंद केलीत. मात्रेला दोन घरं, एकूण १४. तरी ऐकताना रूपक वाटत नाही, कुठलातरी पाश्चात्त्य सात मात्रांचा ठेका वाटतो.

ठेका_ठोक

ऐकलं. पहिल्या घरावर किक आहे, म्हणून. रूपकाची सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर, येते. ती ती ना | धी ना | धी ना. पहिल्या तीन मात्रांत डग्ग्याचा घुमारा नाहीच. तू समेवर किक मारलीस की ऐकणाऱ्याला ती ‘भरी’ (टाळीची मात्रा) वाटते आणि गणित उलटं होतं.

पहिल्या तीन मात्रा हॅट आणि रिमवर ठेव. किक चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. मात्रेला दोन घरं म्हणजे घर ७ आणि घर ११. बेसलाही तोच नियम: १ ते ६ घरांत वरचा सा छोट्या गेटने किंवा काहीच नाही, खर्ज सातव्या घरापासून. बेसला ‘स्लाइड’ द्यायची असेल तर दहाव्यावरून अकराव्यात जाताना दे, डग्ग्याच्या घिश्शासारखी लागेल.

लयीचा हिशोबही लक्षात ठेव. व्होल्का एका बीटला चार घरं धरतं. तुझ्या मात्रेला दोनच आहेत, म्हणून डब्यावर ६० असेल तर मात्रा मिनिटाला १२० पडतात.

सॉटूथ_सातारकर

सिंकचं म्हणशील तर व्होल्का दर दोन घरांना एक पल्स देतं. १४ ही सम संख्या, त्यामुळे दोन्ही डबे एकत्र राहतील. एकावर १४ आणि दुसऱ्यावर १६ ठेवलीस तर ११२ घरांनी भेटतील; मुद्दाम करायला हरकत नाही, पण बेसवर कर, ठेक्यावर नको. बेसचे तीन ऑसिलेटर अ‍ॅनालॉग आहेत. चालू करून दहा-पंधरा मिनिटं जाऊ देत, मगच सा लाव.

रूपकवेडी

धन्यवाद! किक ७ आणि ११ वर नेली, लगेच रूपक झाला. आता एकच अडचण. बेस इंटरफेसच्या लाइन-इनमध्ये घेतला की पत्र्यासारखा, जवळजवळ ऐकूच येत नाही. हेडफोन लावले की उत्तम. शिवाय अ‍ॅडॉप्टर लावला की मागे गुणगुण येते.

खर्ज२४

केबल एका टोकाला ३.५ मिमी स्टिरिओ आणि दुसऱ्याला ६.३५ मिमीचा तीन कड्यांचा एकच जॅक, अशी आहे का?

रूपकवेडी

हो, तीच.

खर्ज२४

तिथेच गडबड आहे. व्होल्का बेस मोनो आहे, हेडफोनच्या डाव्या-उजव्या तारेवर तोच सिग्नल देतो. इंटरफेसचा बॅलन्स्ड इनपुट दोन तारांमधला फरक घेतो. दोन्हीकडे सारखं असेल तर फरक शून्य. उरतो तो पत्रा. ३.५ मिमी स्टिरिओ ते दोन ६.३५ मिमी मोनो जॅक अशी वाय केबल घे. एकच जॅक लाव, दुसरा लोंबकळत राहिला तरी चालेल, फक्त त्याचं टोक धातूला लागू देऊ नकोस.

गुणगुणीसाठी आधी व्होल्का सहा एए बॅटऱ्यांवर चालवून बघ. गेली तर दोष वीजपुरवठ्याच्या बाजूचा. मग लॅपटॉपचा चार्जर काढून ऐक. जाड ५० किंवा १०० हर्ट्झची असेल तर ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये बनलेलं वर्तुळ), बारीक शिट्टीसारखी असेल तर बहुधा यूएसबी किंवा अ‍ॅडॉप्टरची. दोन्ही डब्यांना एकाच अ‍ॅडॉप्टरमधून फाटा काढून वीज देत असशील तर आधी तो वेगळा कर. तरी राहिली तर बेस आणि इंटरफेसच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा ग्राउंड लिफ्टचा डीआय बॉक्स लाव. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कोणी कितीही सांगितलं तरी काढायची नाही.